दुसरी शिट्टी

“म्हंजे माझ्या मिरवणुकीतबी वाजंत्री बंद? माझ्या?”

सर्जेराव अंगणाच्या मधोमध उभा राहून विचारत होता. डोक्याला लाल फेटा, अंगात घडी न मोडलेला शर्ट, आणि छाती अशी की वरची गुंडी आता तुटते का मग तुटते. खाली रस्त्यावर त्याच्यासाठीच जीप सजत होती. हलगीवाले जाळावर हलगी शेकत होते.

बनाआत्ती पायरीवर बसून चुलीसाठी काटक्या मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

“लग्नाच्या वरातीला बंद असती नव्हं?”

“वरात कुणाचीबी निघती, आत्ती. तुर्कस्तानात जाऊन जित्ती माणसं काढणारा या खोऱ्यात एकच हाय.”

आत्तीनं काटकी मोडली. कट्.

“फेटा वाकडा झालाय,” ती म्हणाली.

त्यानं फेटा सारखा केला. तो वाकडा नव्हता. आता झाला.

उंबरघळीतली ही रीत परक्याला सांगितली तर तो हसेल. आत्तीच्या झोपडीसमोर डोंगराचा एक अख्खा लचका खाली येऊन पडलाय. थोरल्या भूकंपात पडलेला. त्यावर आता कारवी माजली आहे. रस्ता त्याच्या पायथ्यानं जातो. जांभळीच्या झाडापासून ओढ्यापर्यंत तिथून जाताना कुणी मोठ्यानं बोलत नाही. वरातीची हलगी थांबते. गणपतीचा बेंजो थांबतो. मतं मागायला येणारे पुढारीसुद्धा तेवढ्यापुरता भोंगा बंद करतात. का, म्हणून विचारा. एक जण सांगेल, देवीची जागा आहे. दुसरा सांगेल, आत्ती शिव्या देते. आणि आत्तीच्या शिव्या ज्यानं एकदा खाल्ल्या त्याला देवीचं भय घालायची गरज पडत नाही.

पण शिव्यांसाठी तिचं नाव नव्हतं. घाटात दरड आली, विहिरीचं बांधकाम ढासळलं, पावसात भिंत बसली, की पहिलं बोलावणं बनाआत्तीला. ती यायची, गळ्यातली पितळी शिट्टी तोंडाला लावायची आणि एक लांब शिट्टी मारायची. ती वाजली की सगळं बंद. फावडी बंद, यंत्र बंद, रडणंसुद्धा बंद. मग ती तोंडात पाण्याचा घोट धरायची आणि दगडाला कान लावायची. पाणी कशासाठी? तोंडात पाणी असलं की जीभ वळवळत नाही आणि माणूस धापा टाकत नाही. खालून कुणी कण्हलं, नख घासलं, तर तेवढंच ऐकू येतं.

काहीच ऐकू आलं नाही तर पाणी गिळायचं आणि दुसरी शिट्टी मारायची, तुटक. दुसरी वाजली म्हणजे या जागी कुणी नाही. हात चालवा. मग तिथं यंत्राचा दात पडतो.

खोऱ्यातल्या कितीतरी पोरांना तिनं हे शिकवलं. त्यात सर्जेरावाचा कान सगळ्यांत तिखट. शहरातल्या एका बचाव पथकानं तो हेरला, आणि त्याच साली धरणी ठिकठिकाणी उठली तेव्हा त्याला सोबत नेलं. आज गाव त्याचा सत्कार करणार होतं. आणि त्याला सत्काराच्या आधी आत्तीच्या गळ्यातली शिट्टी स्वतःच्या गळ्यात हवी होती. जीपवर उभं राहिल्यावर सगळ्यांना दिसली पाहिजे.

“वाजंत्रीचं र्‍हाऊ दे,” तो म्हणाला. “शिट्टी तरी देणार का न्हाई? तुझं हात आता कापत्यात. तूच म्हणलीवतीस, ज्याचा कान माझ्यापरीस पुढं जाईल त्याला देईन.”

“म्हणले हुते.”

“मग?”

“काय काय ऐकलंस तिकडं, सांग.”

हे मात्र त्याला आवडलं. तो ओट्याच्या कडेला टेकला, पण पुरता बसला नाही. बसलं की शर्ट चुरगळतो.

“फेब्रुवारीत तुर्कस्तान. बर्फ पडत हुतं. दहा-दहा मजल्यांच्या इमारती, आत्ती, भाकरीच्या चवडीगत एकावर एक बसलेल्या. कुत्री हुती, यंत्रं हुती, गोऱ्या लोकांचे कानाला लावायचे डबे हुते. त्या डब्यांनी सांगितलं, हितं काय न्हाई. मी म्हणलं, थांबा. तोंडात पाणी घेतलं. बर्फाचंच पाणी, दात निखळायची येळ आली. आन् ऐकलं. जिन्याखाली पोरगी हुती. चमच्यानं नळी वाजवत हुती.”

“जगली?”

“जगली! मला बघून पहिलं काय केलं असंल? माझ्या मिशा वढल्या.”

आत्ती हसली. तिला दात थोडेच उरले होते, पण हसली ती सगळ्या दातांनी.

“पुढं?”

“सप्टेंबरात मोरोक्को. तिथं गेलो न्हाई. त्यांनी आमास्नी बोलावलंच न्हाई. म्या पिशवी भरून दाराशी ठेवलीवती. बायको म्हणली, आता पिशवीलाच ताट वाढू का?”

“शाणी हाय ती. पुढं?”

“ऑक्टोबरात अफगाणिस्तान. तिथंबी जाता आलं न्हाई. मोबाईलवर बघितलं. सारी मातीची घरं. आन् खरं सांगू, जाऊनबी उपेग नव्हता. सिमेंटच्या स्लॅबखाली पोकळी र्‍हाती, माणूस तग धरतो. मातीत काय ऐकणार? मातीत पोकळीच र्‍हात न्हाई. माती सगळं भरून...”

तो थांबला.

समोर कारवीनं भरलेला तो ढिगारा होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत माती. आत्तीची माणसं थोरल्या भूकंपात गेली, एवढं गावातल्या नव्या पिढीला ठाऊक होतं. घरधनी आणि मांडीवरची पोर. कुठं गेली, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानंही नव्हतं विचारलं. एवढा तिखट कान, पण विचारलं नव्हतं.

“बोल की,” आत्ती म्हणाली. “माती सगळं भरून टाकती. मला ते त्याच दिशी कळलं हुतं.”

...

सर्जेरावानं घाईघाईनं नोव्हेंबर गाठला.

“मग नेपाळ. तिथं सडकेनंच गेलो. तिथंबी म्या ऐकलं. खरवडल्यागत आवाज. मी म्हणलं, जित्तं हाय. समद्यांनी हातानं उकरलं. सांज झाली उकरता उकरता. निघाली शेळी.”

“शेळी?”

“शेळीबी जीवच हाय की! मालक नाचला माझ्यासंगं.”

“व्हय. जीवच हाय.” आत्तीनं काटक्यांची मोळी बाजूला सारली. “ह्या समद्या पहिल्या शिट्ट्या झाल्या, सर्ज्या. दुसरी सांग.”

“दुसरी काय सांगायची? काम चालू, म्हणायचं.”

“वाजवलीस?”

“पथकातलं कुणीबी वाजवतं.”

“तू वाजवलीस?”

...

खालून हलगीवर कुणीतरी एक थाप टाकून पाहिली. फुगवलेली छाती कुठं ठेवायची ते सर्जेरावाला कळेना. फेटा काढून त्यानं मांडीवर घेतला.

“एकदा,” तो म्हणाला. “तुर्कस्तानात. त्या पोरीच्या दुसऱ्या दिशी. एक बाई हुती. ढिगाऱ्यापाशी खुर्ची मांडून बसलेली. तिचा ल्योक खाली हुता. एकच नाव सारखं घेत हुती, ते नावच मला कळलं, बाकी काय कळलं न्हाई. म्या पहिली वाजवली. कान लावला. ऐकलं... लई ऐकलं, आत्ती. दुसरीकडं माणसं खोळंबलीवती, त्यांचीबी लेकरं खालीच हुती. शिट्टी तोंडाला नेली, तर त्या बाईनं माझं मनगाट धरलं.”

“मग?”

“मग म्या पाणी गिळलं.”

“वाजवलीस.”

“वाजवली. तिनं माझ्या थोबाडीत मारली. समद्यांच्या म्होरं. आन् मग माझ्याच जाकिटात तोंड घालून रडली.” त्यानं फेट्याची झालर बोटाभोवती गुंडाळली. “हे काय सत्कारात सांगायचं असतंय व्हय? कुणाला सांगितलं न्हाई.”

आत्ती समोर बघत होती.

“नशिबाची बाई,” ती म्हणाली. “मारायला तरी कुणी मिळालं तिला.”

...

मग तिनं गळ्यातला दोरा मानेवरून काढला. इतक्या वर्षांत त्या दोऱ्याचा काळा वण मानेवर पडला होता. पदरानं शिट्टी पुसली आणि त्याच्यापुढं धरली.

सर्जेराव ताडकन उठला. फेटा डोक्यावर, शिट्टी गळ्यात. एका क्षणात तो पुन्हा मघाचाच सर्जेराव झाला. जीपवर कसा उभा राहणार, शिट्टी शर्टाच्या वर ठेवणार की आत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

तो पाया पडायला वाकला, तर आत्तीनं पाय मागं घेतले.

“आधी वाजव.”

“हितं?”

तिनं हनुवटीनं कारवीकडं दाखवलं. “हितं.”

त्याला वाटलं, ही परीक्षा. मास्तरापुढं धडा म्हणून दाखवावा तसा तो ढिगाऱ्याच्या कडेला जाऊन ताठ उभा राहिला. छाती भरून घेतली, लांब शिट्टी मारायला ओठ लावले.

“ती नगं,” मागून आत्ती म्हणाली. “पहिली वाजलीया.”

त्याला कळलं नाही.

“पहिली म्या वाजवलीया, सर्ज्या. त्या दिशीच. मी गोठ्यात धार काढाय म्हशीखाली बसलीवते म्हणून वाचले. लष्कराचा एक शिपाई आलावता, त्याची शिट्टी ती. त्यानं पाण्याचं शिकवलं. म्हणला, बाई, तुझं घर हाय, तूच फुंक. म्या फुंकली. समदं गाव गप झालं. म्या कान लावला...” तिनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढला. “मग लष्करवाल्यास्नी पलीकडच्या वाडीला बोलावणं आलं. ते गेले. शिट्टी माझ्यापाशी र्‍हायली. दुसरी मला काय फुंकवली न्हाई.”

सर्जेरावाच्या हातात शिट्टी होती आणि हात खाली आला होता.

जांभळीपासून ओढ्यापर्यंत. वराती, गणपती, पुढाऱ्यांचे भोंगे. त्याच्या बापाची वरात इथून मुक्यानं गेली होती. त्याची स्वतःची गेली होती. देवी नव्हती आणि शिव्याही नव्हत्या. अख्खं गाव एवढी वर्षं त्या एका शिट्टीत थांबून होतं.

“मला कशाला वाजवायला लावतीस, आत्ती?” त्याचा आवाज बारीक झाला. “मला ढिगाऱ्यातली माणसं काढाय सांग. हे नगं.”

“काढणारे लई हैत.”

तो उभाच राहिला. शिट्टी परत तिच्या हातात द्यावी आणि खाली पळावं, असं त्याला वाटलं. जीप होती, हार होते, गावच्या बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. शिट्टीवाचून काही सत्कार अडत नव्हता.

पण त्याचं मनगट आज कुणी धरलेलं नव्हतं. आत्ती पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीत घेऊन. म्हातारीनं मनगट मोकळं सोडलं होतं, आणि म्हणूनच त्याला तिथनं निघवेना.

तो ओट्यावर गेला. तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं. नव्या शर्टासकट ढिगाऱ्यावर पालथा झाला, आणि कारवीच्या मुळातून वर आलेल्या एका दगडाला कान लावला.

त्यानं नाटक केलं नाही. तुर्कस्तानात ऐकलं तसंच ऐकलं. मातीत मुरणारं पाणी ऐकलं. मुंग्या ऐकल्या. स्वतःच्या कानशिलातलं रक्त ऐकलं, आणि ते वेगळं काढून त्याच्याही खालचं ऐकलं. दगडाच्या दुसऱ्या बाजूला सरकला. तिथं ऐकलं. फेटा घरंगळून मानेवर आला, तरी त्यानं हात लावला नाही.

खालून हाका सुरू झाल्या. “सर्जेराव! ओ सायेब! जीप तयार हाय!” मग कुणीतरी त्याला ढिगाऱ्यावर पालथा पाहिलं असावं. हाका बंद झाल्या.

पाण्याचा घोट तोंडात कोमट झाला.

...

त्यानं आत्तीकडं पाहिलं. आत्ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, गाल जरा फुगलेले. तांब्याशेजारचं फुलपात्र रिकामं होतं.

सर्जेराव गुडघ्यांवर उठला. फेटा नीट बसवला. गावासाठी नव्हे. कुणाच्या घरी जाताना माणूस नीट होऊन जातो ना, तसा.

त्यानं पाणी गिळलं.

आत्तीच्या गळ्याची घाटी खालीवर झाली.

आणि त्यानं दुसरी शिट्टी मारली. तुटक. खोऱ्याच्या पलीकडच्या कड्यावर आपटून ती परत आली आणि संपली.

रस्त्यावर कुणी हललं नाही. म्हाताऱ्या माणसांपैकी एक-दोघांनी टोप्या काढल्या. बाकीच्यांना कळलं नाही, पण त्यांनीही काढल्या.

आत्ती भिंतीला धरून उठली. अंगण ओलांडून आली. त्याच्यापुढं येऊन क्षणभर उभी राहिली, आणि थाडकन त्याच्या थोबाडीत मारली. हलकी नव्हे. काटक्या मोडणारा हात होता तो. फेटा उडून मातीत पडला.

सर्जेराव हलला नाही. गाल तिथंच ठेवला, मान ताठ ठेवली. त्या दिवशी तो जेवढा ताठ उभा राहिला तेवढा पुढं कुठल्याच जीपवर राहिला नाही.

म्हातारीनं त्याच्या नव्या शर्टात तोंड घातलं. तिचा आवाज आला नाही. शर्ट तेवढा ओला झाला.

बऱ्याच वेळानं ती बाजूला झाली. खाली वाकून फेटा उचलला, माती झटकली, दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवला आणि लांबून बघितला. ह्या वेळी तो खरंच वाकडा होता. तिनं तसाच राहू दिला.

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून तिच्यापुढं धरली. तिनं शिट्टीकडं बघितलंसुद्धा नाही. मोळी उचलून चुलीकडं निघाली आणि दारात थांबली.

“जा आता, खोळंबल्यात समदी... आन् हलगीवाल्यास्नी सांग, हितनं जाताना दणकून वाजवा म्हणावं.”