मडगार्डवरची पट्टी

गावात डांबरी रस्ता नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. गोदाक्का सुईणीच्या सायकलीला मागच्या मडगार्डवर चिकटवलेली चकाकती लाल पट्टी मुळीच आवडत नसे. "घंटी वाजते, ब्रेक थांबवतो. तू नुसती चिकटून बसतेस," ती म्हणे.

एका पहाटे बाळंतपणाचं बोलावणं आलं आणि गोदाक्का सायकलवर निघाली. दाट धुक्यात मागून ट्रक धडधडत आला. गोदाक्काने घंटी वाजवली, पण त्या आवाजात ती ऐकणार कोण? इतक्यात दिव्यांचा झोत पडला, पट्टी लखकन चमकली आणि ट्रक कडेला वळून थांबला.

"अक्का, पट्टी दिसली म्हणून वाचलात!" ड्रायव्हर म्हणाला.

"एवढा उजेड कुठून आणलास?" सायकलीने पट्टीला हळूच विचारलं.

"ट्रकचाच होता. मी परत केला."

घरी येताना वाटेत डबकं लागलं. सायकल जपून कडेने गेली. पट्टीवर चिखल उडायला नको होता.