बाहेर राहिलेली बहीण

फार फार मागची गोष्ट. चहूकडे निळा समुद्र आणि मधोमध एक खडकाळ बेट. गाव होतं बेटाच्या माथ्यावर, दगडी तटाच्या आत. खाली उतारावर द्राक्षाचे मळे आणि ऑलिव्हची झाडं. समुद्रात चाच्यांची गलबतं दिसली की बुरुजावरची घंटा वाजे आणि मळ्यातली माणसं धावत वर येत. सगळे आत आले की वेशीच्या दाराला अडसर पडे.

एकदा चाचे फार जवळ आले. अडसर घालायचं काम एका तरुणाकडे होतं. त्याची धाकटी बहीण मळ्यातून पळत येत होती. पण तिच्या पाठोपाठ चाचेही होते. त्यानं दार लावलं. बहिणीनं दारावर हात आपटले, "दादा, दादा" म्हणून हाका मारल्या. त्या साऱ्या गावानं ऐकल्या. मग हाका थांबल्या.

गाव वाचलं, पण त्या हाका कुणाला सोसवेनात. हळूहळू लोक म्हणू लागले, बाहेर कुणी नव्हतंच. ती पोर आधीच तापानं गेली होती. तिच्या नावाची कबरही बांधली. दर वर्षी गाव वाचल्याच्या दिवशी उत्सव होऊ लागला, आणि दार लावणारा तरुण पुढे गावाचा प्रमुख झाला.

पुष्कळ वर्षांनी, ऐन उत्सवात, एक पिकल्या केसांची बाई व्यापाऱ्यांच्या गलबतातून उतरून वर आली. परमुलखात गुलामी करता करता ती म्हातारी झाली होती.

"दादा, ओळखलंस का?"

प्रमुखानं ओळखलं. पण भोवती सारं गाव होतं, नातवंडं होती.

"माझी बहीण तापानं गेली," तो म्हणाला. "तिची कबर आहे तिथं. तुम्ही कोण, बाई?"

"दार लावलंस याचा राग नाही रे. नसतं लावलंस तर सगळेच गेले असते. फक्त एकदा म्हण, की मी बाहेर होते."

त्यानं पाठ फिरवली. तिनं बालपणीच्या मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण खाली मान घालून पाव मोडत राहिली. कुणीतरी म्हणालं, "गलबत सुटेल हं, बाई." ती आली तशी उतरून गेली.

गावच्या सुना हे सारं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी एकीनं मळ्यात जायला नकार दिला.

"मी बाहेर राहिले, तर माझीही कबर बांधाल," ती सासऱ्याला म्हणाली.

मग दुसरी अडली, तिसरी अडली. लांबचे मळे ओस पडले. तरुण जोडपी मुलंबाळं घेऊन होड्यांनी निघून गेली. चाचे पुन्हा कधीच आले नाहीत, तरी गाव रिकामं झालं. उरले चार म्हातारे.

एका दुपारी प्रमुख त्या मैत्रिणीजवळ येऊन बसला. "ती बाहेर होती गं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ज्यांना सांगायचं होतं, ते गेले."

मंडळी, भीतीपोटी झालेली चूक माणसं माफ करतात. पण ती झालीच नाही म्हणणाऱ्यांच्या आसऱ्याला कुणी राहत नाही.