कुंभाराचा हात आणि ढब्बू बेडूक

फार मागे, डोंगरांनाही अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका थंड पठारावर एक कुंभार राहत होता. एकटाच होता बिचारा. बायको देवाघरी गेलेली, लेकी दूरच्या गावी नांदत होत्या. बोलायचालायला म्हणून घरात एकच जीव होता, आणि तो होता बेडूक.

हसू नका. माती भिजवायच्या खड्ड्यात तो आपणहून येऊन बसला होता. कुंभाराने फुटक्या काठाच्या रांजणात ओली माती घालून त्याला घर करून दिलं आणि नाव ठेवलं ढब्बू. चाक फिरू लागलं की ढब्बूही डरांव डरांव सुरू करी. कुंभार नाकतोडा धरून आणी, ढब्बू जीभ फेकून तो मटकावी, आणि मगच कुंभार आपली भाकरी मोडी. लोक म्हणत, "म्हाताऱ्याला वेड लागलंय." लोकांचं काय, ते काहीही म्हणतात. कुंभाराचे दिवस मात्र बरे जात होते.

मग पौष आला. सकाळी गवतावर पांढरं हिव दिसू लागलं. ढब्बू रांजणाच्या तळाशी पाय पोटाशी घेऊन बसला. ना आवाज, ना उडी. नाकतोडा त्याच्या डोक्यावरून चालत गेला तरी त्याने पापणी हलवली नाही. कुंभाराने काडीने तोंड उघडून किडा आत सारला, तो तसाच बाहेर पडला. कुंभाराला भाकरी गोड लागेना.

"गारठलाय हा," तो स्वतःशी म्हणाला. "ऊब पाहिजे याला. आणि ऊब कशी द्यायची हे कुंभाराला कुणी शिकवायचं?"

त्या दिवशी नेमका आवा विझत आला होता. मडकी भाजायची ती जागा, तिच्या भिंतीला त्याने तळहात लावला. छान कोमट लागली. ढब्बूला कोरड्या गाडग्यात घालून त्याने गाडगं भिंतीला टेकवलं आणि खुशीत माती मळायला बसला.

एवढ्यात बियाणं ठेवायला मडकी हवीत म्हणून शेजारच्या मळ्यातली म्हातारी माळीण आली. तिने सहज गाडग्यात डोकावलं आणि ओरडली, "अरं, बेडूक भाजतोस का काय?"

कुंभार धावला. ढब्बूची कातडी सुकून सुरकुतली होती. कुंभार कळवळला. "पण मावशी, मी हात लावून बघितलं हुतं! कोमट हुतं!"

माळिणीने त्याचा हात धरून उलटा केला. चाळीस वर्षं तापलेली मडकी काढून तळवा दगडासारखा झाला होता. "ह्यो हात निखारा उचलतो, दादा. ह्याला काय कोमट आन् काय कढत! गाल लाव."

कुंभाराने भिंतीला गाल लावला आणि चटका बसून मागे सरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडायला मागनं येळ हाय. आदी फडकं भिजवून आण. अति तिथं माती, हे कुंभाराला मी सांगायचं व्हय?"

ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ढब्बूला मळ्यात नेलं. तिथे कुजत्या पाचोळ्याचा मोठा ढीग होता, आणि त्या थंडीतही त्यातून वाफ निघत होती. "मधोमध नगं, तिथं अंडं शिजंल," म्हणत तिने कडेला खड्डा केला. गाडग्यात ओली माती घालून ढब्बूला बसवलं, गाडगं गळ्यापर्यंत ढिगात पुरलं, तोंडावर विरळ फडकं टाकलं. "आता हितं लाव गाल."

कुंभाराने लावला. झोपलेल्या लेकराच्या पोटाला हात लावावा तशी ऊब होती.

"किडा भरवू का गं?"

"नगं. अंगात ऊब आल्याबिगार पोटात घास जिरत न्हाई. फडकं ओलं ठेव आन् गप बस."

गप्प बसणं काही सोपं नव्हतं. पण कुंभार बसला. रोज फडकं भिजवी, गाल लावून पाही, ढीग निवला की ताजा पाचोळा घाली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने फडकं उचललं, तर ढब्बू डोळे उघडून बसलेला! ढिगातला एक पांढरा किडा गाडग्याच्या काठावरून आत घसरला. ढब्बू जरासा वळला. जीभ सुटली आणि किडा गडप झाला.

"मावशी, जेवला! जेवला गं त्यो!"

"मग आता तू बी जेव," माळीण म्हणाली. "तीन दिसांत काटकी झालीय तुझी."

पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात कुंभाराच्या परसात पाचोळ्याचा ढीग वाफाळू लागला, आणि भर थंडीत चाकाबरोबर डरांव डरांव ऐकू येऊ लागलं. लेकी माहेरी आल्या की नातवंडांच्या अंघोळीचं पाणी म्हातारा आधी आपल्या गालावर घेऊन बघे. लेकी विचारत, "बाबा, हाताने का नाही बघत?" तो म्हणे, "ढब्बूला विचारा."

म्हणून सांगतो: ऊब द्यायची ती घेणाऱ्याच्या कातडीने मोजावी, नुसती आपल्या हाताने मोजली, तर मायाही भाजते.