मेला म्हणे

“…मग असल्या कुजबुजीवर भरवसा ठेवायला तुम्ही आम्हाला शिकवलंतच कशाला?”

शेवटची पायरी चढायच्या आतच पुष्करने तोफ डागली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

केशवनाथ धुनीतलं लाकूड पुढे सारत होते. सारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. एके काळी ते कॉलेजात संगणकांची जाळी शिकवत. आता कानात कुंडलं होती, पण जुने विद्यार्थी त्यांना अजून सरच म्हणत.

पुष्करच्याही कानात काहीतरी होतं. दोन पांढरे इअरबड. टेकडी चढताना त्याने ऑफिसची मीटिंग उरकली होती. त्यातला एक त्याने काढून खिशात टाकला.

“आणि तुमचा हा रिवाज! खालून ‘अलख’ म्हणायचं, वरून ‘आदेश’ आला की चढायचं. घसा फोडून हाका दिल्या मी. एकाने उत्तर दिलं असेल तर शपथ. इथेही सगळे मेलेलेच दिसतात.”

“कोण मेलं?”

“खिरपाडा.”

खिरपाडा म्हणजे घाटाखालचं रक्तसाठ्याचं छोटं केंद्र. एक फ्रीज, एक सर्व्हर आणि हिरामण गावित नावाचा एक माणूस. असल्या केंद्रांची एक मोठी साखळी होती आणि तिचे सगळे सर्व्हर पुष्करच्या ताब्यात होते. गेल्या आठवड्यात साखळीने खिरपाड्याला मेलेलं ठरवलं. तिथला साठा सगळ्यांच्या पडद्यावरून नाहीसा झाला. त्याच दिवशी एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. गाडी खिरपाड्याच्या दारावरून तशीच शहरात गेली. तिच्या गटाचं रक्त त्या दाराआड, फ्रीजमध्ये होतं.

“बाई वाचली?”

“वाचली. कशीबशी.”

नाथांनी डोळे मिटले. उघडले.

“हिरामणला मी काढतोय,” पुष्कर म्हणाला. “संध्याकाळी हुकूम निघेल. आणि तुमची ती गॉसिपची पद्धतही काढतोय. एकच मुकादम सर्व्हर ठेवणार. कोण जिवंत, कोण मेलेलं, ते तो ठरवेल. तुमच्या कानावर घालायला आलो.”

“घाल. पण आधी सांग, मी काय शिकवलं होतं?”

पुष्करने एका दमात म्हणून दाखवलं. वर्गात तो पहिला यायचा आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

“प्रत्येक सर्व्हर अधूनमधून कुणातरी एकाला विचारतो, आहेस का? उत्तराबरोबर इकडची खबर तिकडे जाते. सगळ्यांनी सगळ्यांना विचारावं लागत नाही, मुकादम लागत नाही. तरी बघता बघता गावभर होतं.”

“उत्तर आलं नाही तर?”

“दुसऱ्या दोघातिघांना सांगायचं, तुम्ही विचारून बघा.”

“त्यांनाही आलं नाही?”

“मग खबर सोडायची, मेला म्हणे.”

“मेला?”

“मेला म्हणे.”

“त्या ‘म्हणे’ची गरज काय?”

“ती खबर फिरत फिरत त्याच्याच कानावर जावी म्हणून. जिवंत असेल तर तो पुढचा अवतार घेतो, म्हणजे आपला आकडा एकाने वाढवतो आणि सगळ्यांना कळवतो, मी आहे. तो आकडा फक्त त्यालाच वाढवता येतो. तेवढी वाट बघायची. नाहीच बोलला, तर मेला.”

“पाठ आहे तुला. मग खिरपाड्याने अवतार का घेतला नाही?”

पुष्कर खिशातला इअरबड चाचपू लागला.

“का नाही घेतला?”

“ते ‘म्हणे’ मी काढून टाकलं, सर.”

“काय केलंस?”

“वेळ जात होता फुकट! दुसऱ्यांना विचारा, वाट बघा… उत्तर नाही, की मेला. सरळ हिशेब.”

संन्याशाने रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी या टेकडीवर यायला हवं होतं. नाथांनी हातातलं लाकूड धुनीत आपटलं.

“खिरपाडा मेला, हे कोणी सांगितलं?”

“मुख्यालयातल्या सर्व्हरने. सगळ्यात मोठा आहे तो. मी स्वतः उभा केलेला.”

“तेव्हा तो काय करत होता?”

“वर्षाचे अहवाल काढत होता. जरा… दमला होता. आलेली उत्तरं वेळेवर वाचत नव्हता.”

“त्याच दमात आणखी किती जणांना मारलं त्याने?”

“चौघांना.”

“ते मेले होते?”

“नाही. ती मोठ्या शहरांतली केंद्रं. लगेच फोन आले, आम्ही परत जोडून घेतली.”

“खिरपाड्याहून फोन आला नाही?”

खाली झऱ्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. पुष्करला तो आवाज एकाच कानाने ऐकू येत असावा.

“आला होता,” तो म्हणाला. “हिरामण सांगत होता, साहेब, मशीन चालू आहे, रक्त आहे, तुम्ही बघा तर खरं. मला वाटलं, कातडी वाचवतोय.”

“शहराचा फोन आला तर तो जिवंत. आणि खिरपाड्याचा आला तर तो लबाड!”

नाथ उठले. कड्याच्या टोकाशी जाऊन त्यांनी खच्चून हाक दिली.

“मंगलनाथ! अलख!”

“आदेश!” झऱ्यावरून आवाज आला.

“याने मघाशी खालून हाक दिली होती का?”

“दिली की! आणि आपण आदेश दिलात तरी तो ओरडतच होता. म्हणून मी दिला, मग वरच्या गुहेतल्यांना सांगितलं, त्यांनीही दिला. सगळ्या टेकडीला ठाऊक झालंय, खाली कुणीतरी आलाय, त्याला ऐकू येत नाही म्हणे!”

पुष्करचा चेहरा उतरला.

“पण सर, मला तर काहीच…”

नाथांनी हात पुढे केला. त्याच्या कानात राहिलेला दुसरा इअरबड अलगद काढला आणि त्याच्याच तळहातावर ठेवला.

वारा होता. झरा होता. वरच्या गुहेत कुणीतरी खोकत होतं…

पुष्करने तोही खिशात टाकला. मग त्याने फोन काढला आणि हिरामणचा नंबर लावला. बेल वाजत होती. या वेळी त्याने फोन उघड्या कानाला लावला होता.

बेल वाजून वाजून थांबली.

“उचलत नाही, सर.”

नाथ पुन्हा धुनीपाशी जाऊन बसले होते. त्यांनी लाकूड पुढे सारलं.

“मग? मेला म्हणू या?”