ठसक्यासकट गाणं

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते आता सांगायला उरलेले नाहीत.

डोंगरांच्या मधोमध एक चिमुकलं राज्य होतं. त्याच्या भोवती मोठमोठी राज्यं होती, आणि दर बारा वर्षांनी ती सगळी मिळून बालगीतांची जत्रा भरवत. प्रत्येक राज्यानं एक मूल पाठवायचं आणि त्या मुलानं भर मैदानात एक गाणं म्हणायचं. निकाल मात्र तिथं लागत नसे. दुसऱ्या दिवशी गाड्या परत निघाल्या, की पंच खिंडीच्या तोंडाशी कान देऊन उभे राहत. मैदानात म्हटलेल्या गाण्यांपैकी जे गाणं परक्या मुलांच्या तोंडी सर्वांत जास्त ऐकू येईल, ते जिंकलं. त्या राज्याच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरांची माळ पडे.

चिमुकल्या राज्याला ती माळ एकदाच मिळाली होती, आणि ती आणली होती ठकूनं.

ठकू तेव्हा एवढीशी पोर होती. दिवसभर ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून पाखरं हाकलायची. खरं म्हणजे हाकलायची कमी आणि त्यांच्याशी गप्पाच जास्त मारायची. त्या गप्पांतूनच तिचं गाणं झालं होतं:

उड गं चिमणे, उड गं दूर,
कणसात भरला दुधाचा पूर,
माझ्या वाट्याचं टिपून जा,
बाबा येतील, लपून जा!

मैदानात गाताना ‘बाबा येतील’ म्हटल्यावर तिला ठसका लागला. ती थांबली, तिनं आवंढा गिळला आणि मग हळूच ‘लपून जा’ म्हणाली. सगळं मैदान खळखळून हसलं. दुसऱ्या दिवशी खिंडीतून जाणाऱ्या एकूण एक गाडीतून चिमणी उडत होती.

पुढं ठकूची ठकूबाई झाली. केस पिकले, दात पडले. मचाण मोडलं, शेताच्या जागी बाजार आला, बाबा तर कधीच गेले. पण संध्याकाळी ओट्यावर बसलं, की ठकूबाईंना अजून हुरड्याचा वास येई आणि बांधावरून येणाऱ्या बाबांची हाक ऐकू येई. गेलेल्या दिवसांचं एक असतं, ते जितके लांब जातात तितके जास्त गोड लागतात.

एकदा जत्रा जवळ आली तेव्हा राजानं त्यांना बोलावून घेतलं.

“ठकूबाई, माळ मिळाल्याला जमाना झाला. यंदा कोणतं मूल पाठवायचं ते तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?”

ठकूबाईंना मनातून आनंदाचं भरतं आलं. त्यांची एकच इच्छा उरली होती. मरायच्या आधी आपलं गाणं त्या मैदानात पुन्हा एकदा घुमावं. तोंडानं मात्र त्या एवढंच म्हणाल्या, “बघते, महाराज.”

आता लोक काही दूधखुळे नव्हते. निवड ठकूबाई करणार म्हटल्यावर घरोघरी चिमणीचं गाणं सुरू झालं. निवडीच्या दिवशी जे मूल उभं राही ते चिमणीच उडवी. ठकूबाई डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. शेवटी सोनकी नावाची मुलगी पुढं आली. तिचा आवाज असा, की अंगणातली कुजबुज थांबली. ‘बाबा येतील’ म्हणून ती थबकली, तिनं आवंढा गिळला आणि मग हळूच ‘लपून जा’ म्हणाली.

ठकूबाईंना हसू फुटलं. “बाळा, तू तिथं का गं थांबलीस?”

“तिथं थांबायचंच असतं, आजी. आईनं महिनाभर घोटून घेतलंय.”

“अगं, मला ठसका लागला होता तेव्हा!”

सगळे हसले. पण गंमत अशी, की त्या हसण्यातून कुणी काही शिकलं नाही. ठकूबाईसुद्धा नाही.

सोनकीनं धीर करून विचारलं, “आजी, मला दुसरं गाणं येतं. माझं मी केलेलं. म्हणू?”

तिच्या आईनं डोळे वटारले. ठकूबाईंच्या डोळ्यांपुढं अजून मचाण होतं, त्यावरची सावली होती, बाबा होते. ते सगळं इतक्यात पुसू द्यायला त्यांचं मन तयार होईना.

“नको बाळा,” त्या म्हणाल्या. “हेच छान आहे. अगदी ठसक्यासकट छान आहे.”

जत्रेची वाट लांबची होती. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं आणि डावीकडचा बैल मनात येईल तिथं फतकल मारून बसत होता. गाडीवान त्याच्या हातापाया पडे. ते पाहून सोनकी खुदखुदून हसे आणि चाकाच्या तालावर काहीबाही म्हणू लागे. ठकूबाई लगेच दटावत, “गप बस गं! घसा बसेल. चिमणीचं गाणं म्हण बघू एकदा.” सोनकी गप्प बसे आणि मग शहाण्यासारखी चिमणी उडवी.

मैदानात सोनकी सुंदर गायली. कुठं काही चुकलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी डोळे पुसले. “आमच्या लहानपणी ऐकलेलं गाणं!” म्हणून त्यांनी ठकूबाईंचे हात हातात घेतले. ठकूबाईंना वाटलं, जिंकलो आपण. मागं बसलेली मुलं जांभया देत होती आणि एकमेकांच्या शेंड्या ओढत होती, तिकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी मोठी माणसं जेवणाच्या गडबडीत गुंतली आणि मुलं गाड्यांच्या मागं खेळायला जमली. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. सोनकीनं हाताचं चाक केलं, तोंडाचा बैल केला आणि वाटेत जुळवलेलं आपलं गाणं म्हणून दाखवलं:

चाक म्हणतं कुईं कुईं,
बैल म्हणतो, येणार नाई!
तूच आता गाडी ओढ,
मला खाऊ दे कडबा गोड!

सकाळी गाड्या जुंपल्या. ठकूबाई खिंडीच्या तोंडाशी पंचांच्या शेजारी जिवाचे कान करून उभ्या राहिल्या. पहिली गाडी आली. आतून आवाज आला, ‘कुईं कुईं!’ दुसरी आली, तिच्यातूनही ‘कुईं कुईं!’ शब्द कुणाला धड येत नव्हते, पण कुईं कुईं सगळ्यांना येत होतं. मोठमोठ्या राज्यांची पोरं बैलासारख्या माना हलवत जात होती. चिमणीचं गाणं एकाही गाडीतून ऐकू आलं नाही.

पंच बुचकळ्यात पडले. “हे गाणं कुणाचं?”

“आमचं!” ठकूबाई घाईनं म्हणाल्या. “आमच्या सोनकीचं आहे हे!”

“पण मैदानात तर हे कुणी म्हटलं नाही, आजीबाई. मग माळ कशी द्यायची?”

ज्या गाण्यानं माळ मिळाली असती ते सगळ्या वाटेनं त्यांच्याच गाडीत बसून आलं होतं, आणि त्यांनीच त्याला गप बस म्हटलं होतं. माळ दुसऱ्याच राज्याच्या बैलांच्या गळ्यात पडली. ठकूबाईंना भर उन्हात रडू आलं, आणि ते रडू बालपणाच्या आठवणीचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर सोनकी अंग चोरून बसली होती. “आजी, माझं काही चुकलं का?”

“तुझं नाही गं, पोरी. माझं चुकलं. मला माझं गाणं ऐकायचं होतं, म्हणून तुझं मी ऐकलंच नाही.” ठकूबाईंनी तिला जवळ ओढलं. “आता म्हण. मोठ्यानं म्हण.”

सोनकी गाऊ लागली आणि बोळक्या तोंडानं ठकूबाई तिच्या मागोमाग म्हणू लागल्या. आठवणीतली चिमणी उडून गेली ती गेलीच. पण खूप वर्षांनी पहिल्यांदा त्यांना तिची हुरहुर लागली नाही.

राज्यात आल्यावर त्यांनी राजाला सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून तिथं जत्रेचं गाणं मुलं मुलांमध्येच निवडतात आणि मोठी माणसं मागं बसून फक्त ऐकतात.

म्हणून मंडळी, आपलं बालपण आपल्याला कितीही गोड वाटो, ते मुलांकडून पुन्हा गाऊन घेऊ नये. त्यांचं गाणं त्यांना गाऊ द्यावं.