नदीचा दगड आणि बेटावरची पेटी

ऐका. डोंगर आजच्याहून जरा उंच होते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरावर एक नगर होतं आणि नदी पार खाली. म्हणून लोकांनी उतारावर एकावर एक रहाट बसवले होते. खालचा रहाट वरच्याच्या हौदात पाणी ओतायचा, तो त्याच्या वरच्याच्या. एक अडला, की अख्खं नगर तहानलेलं.

ते रहाट आता जुने झाले होते. राजाने थोरल्या सुताराला बोलावलं.

"थोरले, नवे रहाट बांधायचेत. हत्यारं कोणती घ्यायची, ते तुम्हीच ठरवा."

त्याच सुमारास समुद्रापलीकडून एक व्यापारी आला होता. त्याने पेटी उघडली आणि सुतारांच्या आळीत कामं थांबली. काय ती हत्यारं! थोरल्याने रंधा उचलून एकदाच फिरवला. असा पातळ काप निघाला, की फुंकर मारताच उडून गेला. जन्मभर लाकडाशी झुंजलेला माणूस तो, त्याला गहिवरूनच आलं. होकार अगदी ओठांवर आला होता.

घरी जेवताना त्याचं तेच पुराण चाललं होतं. बायको भाकरी वाढत म्हणाली, "जावई बघायला गेलं, की कुठलाही मुलगा गोडच बोलतो. भुकेला असताना कसा बोलतो, ते बघावं माणसानं."

"हत्याराला कसली आलीय भूक?" थोरला म्हणाला खरा, पण घास हातातच राहिला.

सकाळी तो व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, ही हत्यारं थोडे दिवस आमच्या हाती द्या." मग त्याने सुतारांपुढे गाठीगाठीचं बाभळीचं लाकूड टाकलं. पाती बोथट होईपर्यंत कुणी थांबायचं नाही, असं सांगून ठेवलं. अखेर पाती बोथट झाली. थोरला नदीवर गेला, नेहमीच्या दगडावर पातं घासत बसला. दगड झिजला, पण पात्याला काही धार येईना.

व्यापारी खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "याला आमच्या बेटावरचाच दगड लागतो, आणि तो वर्षभरात झिजून संपतो. पण माझं गलबत दरसाल येतं, येताना नवा दगड घेऊन येईन."

थोरल्याला फार वाईट वाटलं. त्याने तो रंधा धोतराच्या सोग्याने पुसला आणि पेटीत परत ठेवला. मग गावातल्या लोहाराकडे गेला. लोहाराने घडवलेली हत्यारं जड होती, दिसायला ओबडधोबड होती, पण नदीच्या दगडावर त्यांना लख्ख धार यायची.

तरणे सुतार कुरकुरले. राजाही म्हणाला, "शेजारच्या डोंगरावरल्या नगरानं ती पेटी घेतली. लोक हसतील हो आपल्याला."

"हसू द्या, महाराज. हसण्यानं रहाट अडत नाही."

आणि लोक हसलेच. शेजाऱ्यांचे रहाट आधी उभे राहिले. थोरला ते बघायला गेला. चाकाचा एकेक लाकडी दात असा गुळगुळीत कातलेला, की त्यावरून हात फिरवताना त्याचा चेहरा उतरला. आपण चुकलो की काय, हा विचार घेऊनच तो परत आला.

पुढे एका साली समुद्र खवळला आणि गलबत आलंच नाही. ऐन उन्हाळ्यात दोन्हीकडच्या रहाटांचे दात झिजून तुटले. रहाटाचे दात ते, तुटायचेच. थोरल्याच्या माणसांनी हत्यारांना धार लावली, नवे दात बसवले आणि दुपारपर्यंत पाणी वर चढू लागलं. शेजारच्या नगरात मात्र बेटावरचा दगड संपलेला आणि पाती बोथट पडलेली. बायाबापड्या डोक्यावर घागरी घेऊन डोंगर चढत होत्या.

त्यांचा थोरला सुतार मान खाली घालून मदत मागायला आला. आपल्या थोरल्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. गाडीत हत्यारं भरली, वर नदीचे दगड रचले, आणि सगळी आळी घेऊन निघाला.

तिथले रहाट फिरू लागले, तेव्हा तो दुसरा सुतार पुटपुटला, "पण हत्यार चांगलं होतं हो."

"चांगलंच होतं," थोरला म्हणाला. "तो रंधा अजून माझ्या स्वप्नात येतो. पण त्याची धार समुद्रापलीकडे राहायची, आणि आपली तहान इथं."

त्या दिवसापासून दोन्ही नगरांत एक रीत पडली. खंडेनवमीला हत्यारं पुजायला मांडली, की पहिलं कुंकू हत्याराला लावत नाहीत, नदीच्या दगडाला लावतात. आणि ते पहिलं बोट लावायचा मान थोरल्या सुताराच्या बायकोचा.

तात्पर्य: हत्याराची धार बघून भुलू नये, ती गेल्यावर आपल्याला परत लावता येईल का, हे आधी बघावं.