बेचाळीस गाठींचा पाऊस

"दोरी काढा, कोठावळे, दोरी! तोंडाची वाफ पुरे झाली."

पूर्वी अस्सक देशातल्या पोतली नगरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या धान्यकोठाराचा कोठावळा होता, आणि भर राजसभेत त्याच्यावर असा आवाज चढवणारा माणूस होता पूर्णक, लोखंडाच्या एकवीस भट्ट्यांचा धनी.

भांडण सकाळी जुंपले होते आणि आता ऊन माथ्यावर आले होते. नगरीच्या उत्तरेला मेघवन नावाचा डोंगर होता. त्याच्यावरची अर्धी झाडी तोडून, तिचा कोळसा पाडून पूर्णकाच्या भट्ट्यांनी दहा वर्षांत फस्त केली होती. आता शेजारच्या राजाने नांगराचे फाळ मागवले होते आणि पूर्णकाला उरलेला अर्धा डोंगर हवा होता. बोधिसत्त्व म्हणत होता, देऊ नका.

"महाराज, माझ्या तरुणपणी आपल्या विहिरींना वैशाखात पाणी असे. आता फाल्गुनातच पोहरा तळाला खडखडतो. डोंगर उघडा पडला तसा पाऊस माती घेऊन सरळ गोदावरीकडे धावतो. हवाही पूर्वीची राहिलेली नाही. आहे ती झाडी तरी राखू या."

"हवा राहिली नाही म्हणे!" पूर्णक हसला. "म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक उन्हाळा मागच्यापेक्षा कडक वाटतो. तुमची पाठ वाकली, कोठावळे, म्हणून आभाळ वाकत नाही."

सभा खदखदून हसली. राजज्योतिष्याने मध्येच हा सगळा मंगळाचा दोष असल्याचे सांगून पाहिले, पण त्याच्याकडे कोणी वळूनही बघितले नाही.

पूर्णक काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "फाळ काय झाडाला लागतात? विळे, कुऱ्हाडी, गाडीच्या धावा, तुमच्या कोठाराचे कुलूप, हे सगळे माझ्या भट्टीतून निघते. कोळसा नको म्हणणाऱ्याने आधी ते कुलूप काढून माझ्या हातात द्यावे."

"खरे आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "लोखंड लागते. मलाही लागते."

आपल्याच विरुद्ध जाणारे खरे असे एका दमात मान्य करायला छाती लागते. ती त्याच्यापाशी होती. मागच्याच आठवड्यात पूर्णकाने त्याला निरोप धाडला होता, की गप्प बसलात तर तुम्हाला प्रधानपद मिळेल असे बघतो. बोधिसत्त्वाने निरोप्याला ताक पाजले आणि तसाच परत पाठवला.

आता दोरीचे. त्या देशात एक रिवाज होता. कोठारासमोर हातभर रुंदीचे दगडी कुंड असे. पावसाने ते काठोकाठ भरले की कोठावळ्याने सुताच्या दोरीला एक गाठ मारायची आणि कुंड उपसून रिकामे करायचे. पुन्हा भरले की पुन्हा गाठ. एका वर्षाची एक दोरी. अशा साठ वर्षांच्या दोऱ्या कोठाराच्या तुळईला ओळीने टांगलेल्या होत्या. राजाचा सारा त्यांवर ठरे, आणि त्यांच्याविरुद्ध बोलण्याची प्राज्ञा खुद्द राजालाही नव्हती.

"साधी गोष्ट आहे, महाराज," पूर्णक म्हणाला. "पाऊस बदलला असेल तर गाठी कमी भरतील. कमी भरल्या, तर मी डोंगराचे नाव टाकतो. तेवढ्याच भरल्या, तर डोंगर माझा."

राजाने मान हलवली. दोऱ्या आणायला बोधिसत्त्व कोठारात गेला, तसा त्याच्या मागोमाग दंडपाल शिरला. दंडपाल हा नदीकाठच्या बारा गावांचा मुखिया. उरलेली झाडी गेली तर पहिल्यांदा त्याच्याच गावांची माती वाहून जाणार होती.

"कोठावळे, गाठी किती आहेत यंदाच्या?"

"बेचाळीस."

"आणि तीस वर्षांपूर्वीच्या?"

"बेचाळीस."

दंडपालाने कपाळावर हात मारून घेतला. मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "दहा सोडा. सुताची दोरी ती, कोणाला कळते? पूर्णक बारा गावे खाणार आहे. बारा गावांसाठी दहा गाठी! पाप लागलेच तर माझ्या नावावर घाला."

बोधिसत्त्वाने दोरी हातात घेतली. डोंगर जाणार हे त्याला दिसत होते. ज्या झाडाखाली त्याची गुरे बसत ते झाडही त्यात जाणार होते. घोटभर पाणी प्यायच्या आत दहा गाठी सोडणे त्याच्या बोटांना जमले असते.

"दंडपाला," तो म्हणाला, "आज मी चांगल्यासाठी दहा सोडल्या, तर उद्या दुसरा कोणी वाईटासाठी वीस सोडील, आणि त्याला अडवायला माझ्यापाशी तोंड राहणार नाही. मग या देशात पाऊस किती पडला हे कोणालाच कधी कळायचे नाही."

"मग बसा सत्य कुरवाळत!" दंडपाल पाय आपटत निघून गेला.

सभेत दोऱ्या मोजल्या गेल्या. तीस वर्षांपूर्वीची, बेचाळीस. यंदाची, बेचाळीस. मधली एक काढली, तिच्यात त्रेचाळीस निघाल्या.

"ऐका हो, ऐका!" पूर्णक उभा राहून टाळ्या पिटू लागला. "पाऊस तेवढाच आहे! कोठावळ्यांच्या स्वतःच्या हातच्या गाठी आहेत, माझ्या नव्हेत!"

दाराशी त्याने गाड्या भरभरून आणलेली कोळसा पाडणारी माणसे बसली होती. पूर्णकाच्या नावाने ओरडायचे, एवढेच त्यांना सांगून ठेवले होते, आणि सकाळपासून ती इमानाने ओरडत होती. आताही ओरडली. पण त्या ओरड्यातून एका बाईचे हसणे वर आले. मोठे, घसा खरवडून टाकणारे हसणे. थांबेचना.

"तेवढाच?" ती म्हणाली. "काय म्हणाला तो? तेवढाच?"

ती होती धवला. नाव धवला आणि अंग कोळशाने काळे, म्हणून पोतलीतली पोरे तिला बघितली की टिवल्याबावल्या करीत आणि दगडापेक्षा कडक शिव्या खाऊन पळत. साठी ओलांडलेली बाई. अक्षरओळख नाही, पण कोळशाची रास किती दिवस धुमसेल ते धुराच्या रंगावरून सांगणारी. भालदाराने भाला आडवा धरला तो तिने हाताने बाजूला सारला.

"हिला बाहेर काढा," पूर्णक म्हणाला. "अगं धवले, तू माझी माणूस ना? डोंगर बंद झाला तर आठ महिने काय खाशील?"

"तुझी माणूस आहे म्हणून सकाळपासून तुझ्या नावाने घसा फोडला," धवला म्हणाली. "डोंगर बंद झाला तर उपाशी मरेन, तेही ठाऊक आहे. पण खोटे ऐकवत नाही रे."

"खोटे कसले? गाठी मोजल्या ना तुझ्यादेखत?"

"गाठी मारणारा कोठावळा. कुंड कोण उपसते?"

कुंड कोण उपसते हे राजाला ठाऊक नव्हते. पूर्णकालाही नव्हते. आणि बोधिसत्त्वाला त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली. चौतीस पावसाळे ही बाई त्याच्या डोळ्यांदेखत उपसत होती. पावसात कोळसा पडत नाही, म्हणून ती कोठारावर येई. त्याने गाठ मारावी आणि आत जावे. तिच्याकडे काही विचारण्यासारखे असेल असे त्याच्या मनातही आले नव्हते.

ही बाई पूर्णकाने आणलेली आहे हे त्याला दिसत होते. ती काय बोलेल याचा नेम नव्हता. तरी तो उठला आणि आपल्या आसनाशेजारी तिला जागा करून दिली.

"बोल, माई. आम्ही दोरी बघत होतो. तुला विचारायला हवे होते, ते राहिले."

"महाराज," धवला उभ्यानेच म्हणाली, "उपसणारीला रिवाजाने कोठारातून मापटेभर तांदूळ मिळतो. ज्या दिवशी कुंड भरले, त्या दिवसाचा. मग ते दिवसात एकदा उपसा नाहीतर दहादा उपसा, मापटे एकच. माझे पोट त्या मापट्यावर. ते मी विसरेन का?"

यापुढे ती एकच वाक्य बोलली आणि भांडण मिटले. त्या वाक्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून बाकीचे सगळे आधीच सांगून टाकलेले बरे.

राजाने उरलेले मेघवन राखले. सुकून पडलेल्या आणि मुद्दाम लावलेल्या झाडांवर जेवढ्या भट्ट्या पेटतील तेवढ्याच ठेवल्या. त्या सात निघाल्या, आणि फाळ उशिरा का होईना, पुरे पडले. कोळसा पाडणाऱ्यांना उघड्या डोंगरावर माती अडवणाऱ्या ताली घालायचे आणि रोपे जगवायचे काम कोठारातल्या धान्यावर मिळाले, आणि त्यांच्यावर मुकादम म्हणून धवलाच नेमली गेली. बोधिसत्त्वाने त्या वर्षापासून दोरीत पावसाच्या प्रत्येक दिवसाचा एक तांबडा धागा ओवायला सुरुवात केली.

पुढे बुद्धपदाला पोचलेल्या शास्त्यांनी भिक्षूंना ही कथा सांगून जन्मांचा मेळ घातला तो असा. तेव्हाचा राजा सुयाम म्हणजे आज विहार झाडणारा भिक्षू सोमिल. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तो अजूनही झाडू उचलत नाही. दंडपाल म्हणजे तापट भिक्षू उपरेवत. पूर्णक म्हणजे संघाला चंदनी पाट देणारा श्रेष्ठी उत्तरक. माणूस तेव्हाही वाईट नव्हता, फक्त ऐकत नव्हता. धवला म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी विपुला, जिच्याशी वाद घालायला तरुण भिक्षू धजत नाहीत. आणि दहा गाठी न सोडणारा कोठावळा स्वतः शास्ता. ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची कथा आहे. सत्य सांगणाऱ्याइतकेच, ते कोणाच्याही तोंडून ऐकून घेणाऱ्याचेही पुण्य मोठे, असे शास्ता म्हणाले.

आणि पोतलीच्या भरसभेत, काळ्या हातात दोन्ही दोऱ्या तोलून धरीत धवला म्हणाली ते हे:

"महाराज, या जुन्या बेचाळीस गाठींवर मी छत्तीस दिवस जेवले होते, आणि यंदाच्या या बेचाळीस गाठींवर नऊच दिवस जेवले."